चुकीला जागा किती?

नेमबाज : लहान हरणाला .२२३ पुरत नाही, असं म्हणणाऱ्यांपुढे मी आधी हरीणच उभं करतो. दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावरचा स्प्रिंगबॉक घ्या. तीस-पस्तीस किलोंचं जनावर, खांद्यापाशी पाऊण मीटरच्या आसपास उंच, म्हणजे आपल्या काळविटाच्याच अंगाचं. त्याच रानातला स्टीनबॉक तर जेमतेम दहा-बारा किलोंचा. कातडी पातळ, बरगड्या नाजूक, एका कुशीपासून दुसरीपर्यंत छाती वीतभर. आता काडतूस पाहा. .२२३ रेमिंग्टनची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमच्या थोडी वर भरते. ती नळीतून सेकंदाला ९८० मीटरहून अधिक वेगाने निघते आणि तिच्यात सतराशे जूलच्या वर ऊर्जा असते. शेजारच्या नामिबियाच्या नियमांत स्प्रिंगबॉक आणि डायकर नावाचं लहान हरीण यांच्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान १३५० जूल मागितले आहेत. .२२ हॉर्नेट त्यात बसत नाही, जुनी .२२२ काठावर पास होते, .२२३ आरामात बसते. शिवाय तिचा धक्का इतका हलका की चाप दाबताना डोळा मिटत नाही. दुर्बिणीतून नजर न हलवता गोळी लागल्याचं दिसतं, दुसरी गोळी हवी असेल तर ती लगेच देता येते. मारायचंच असेल तर लहान हरणासाठी याहून दयाळू हत्यार मला माहीत नाही.

साशंक : तुम्ही नळीच्या तोंडाशी थांबलात. हरीण तिथे उभं नसतं. तुमच्याच ५५ ग्रेनच्या गोळीचा पुढचा प्रवास पाहा. शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, तिच्यात साडेबाराशेच्या आसपास जूल उरतात. दोनशे यार्डांवर पावणेनऊशे, म्हणजे निघाली तेव्हाच्या निम्मे. कायद्याने जो आकडा किमान म्हणून मागितला, तो पहिल्या शंभर पावलांतच मागे पडतो. कारूत शंभर मीटरच्या आत स्प्रिंगबॉक किती वेळा मिळतो, ते तुम्हीच सांगा. सपाट माळ, गुडघाभर खुरटी झुडपं, लपायला आडोसा नाही, आणि जनावर तर अर्ध्या किलोमीटरवरून माणूस ओळखणारं. तिथे नेहमीचा पल्ला दीडशे ते अडीचशे मीटरचा असतो. तुमचं काडतूस दुकानात कायदेशीर असतं, पण हरणापाशी पोहोचेपर्यंत ते वेगळंच काही झालेलं असतं.

नेमबाज : नळीच्या तोंडाशी मोजतात, कारण तेवढंच तपासता येतं. वनाधिकारी खोक्यावरचा आकडा वाचू शकतो, तुम्ही किती मीटरवरून गोळी झाडली ते त्याला कुठून कळणार? आणि हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बैठकीत ठरवलेले आहेत. ब्रिटनचंच उदाहरण घ्या. तिथलं रो हरीण वीस-पंचवीस किलोंचं. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशानुसार ते .२२ व्यासाच्या काडतुसाने मारता येतं, मात्र गोळी किमान ५० ग्रेनची हवी, वेग सेकंदाला २४५० फूट हवा आणि ऊर्जा हजार फूट-पौंड, म्हणजे आपले १३५० जूलच. इंग्लंडमध्ये त्याच रो हरणाला .२४० व्यास आणि १७०० फूट-पौंड लागतात. तिथे .२२ ची परवानगी २००७ पासून मिळाली, ती फक्त मुंटजॅक आणि चिनी जलहरीण या दोन लहान जातींसाठी. आता या दोन देशांच्या सीमेवरच्या ट्वीड नदीच्या अलीकडे आणि पलीकडे चरणाऱ्या दोन रो हरणांची छाती वेगळी असते का? फुप्फुसं वेगळी असतात का? ऊर्जेचा आकडा जनावर मारत नाही. फुप्फुसातून किंवा हृदयातून गेलेली जखम मारते. रक्त वाहून जातं, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो, दहा-पंधरा सेकंदांत जनावर कोसळतं. ती जखम योग्य जागी झाली की काम झालं.

साशंक : इथे मी तुमच्याशी सहमत आहे, फक्त तुम्ही अर्ध्यावर थांबलात. जखम मारते, मग ती कशी होते ते पाहायला हवं. .२२३ असं तुम्ही म्हणता तेव्हा नळीचं भोक आणि काडतुसाचं माप एवढंच सांगता, गोळीबद्दल काहीच सांगत नाही. एकाच मापाच्या चार खोक्यांत चार निरनिराळ्या वस्तू असतात. एकात ४० ग्रेनची पातळ कवचाची गोळी. ती कोल्ह्यासाठी, उंदरा-सशांसाठी बनवलेली, लागताक्षणी तिचे तुकडे व्हावेत म्हणूनच. ती स्प्रिंगबॉकच्या खांद्यावर लागली तर हाडापाशीच फुटते. वरून भलीमोठी जखम दिसते, आत फुप्फुसं शाबूत, आणि जनावर तीन पायांवर पळून जातं. दुसऱ्या खोक्यात लष्करी पद्धतीची, संपूर्ण तांब्याच्या कवचातली. ती स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात. जवळून लागली तर आत आडवी होऊन मोडते, लांबून लागली तर बारीक भोक पाडून सरळ पार निघून जाते. हरीण चरतच राहिल्यासारखं दोन पावलं टाकतं, मग कळपासोबत धावतं आणि कुठल्या तरी झुडपाखाली रात्रभर मरत राहतं. आपल्या देशाशी याचा जवळचा संबंध आहे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रज सैन्याची तक्रार झाली की नव्या .३०३ च्या कवचबंद गोळ्या माणसातून आरपार जातात आणि तो थांबत नाही. मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाचं कवच काढून शिसं उघडं ठेवलेली गोळी निघाली. ती शरीरात फुगायची. १८९९ साली हेगच्या जाहीरनाम्याने अशा गोळीला युद्धात बंदी घातली, कारण ती अमानुष ठरली. आणि आज शिकारीच्या नियमांत नेमकं उलट आहे. हरणासाठी फुगणारी गोळीच सक्तीची, कवचबंद गोळीला मनाई, तेही दयेच्याच नावाने. मला यात विसंगती दिसत नाही. सैनिकाला जायबंदी करून लढाईतून बाजूला काढलं की पुरतं, त्याच्यामागे डॉक्टर असतो. हरणामागे कुणी नसतं, म्हणून त्याला लवकर मरण हाच एकमेव उपचार. पण मग निवड व्यासाची करायची की गोळीच्या बांधणीची, हे आधी ठरवा.

नेमबाज : बांधणीची, आणि म्हणूनच मी .२२३ सोडत नाही. तुमचा आक्षेप पन्नास वर्षांपूर्वी अगदी बरोबर होता, तेव्हा या व्यासात बहुतेक गोळ्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठीच बनत होत्या. पण गोळीचा इतिहास पाहा. जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याने १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर गोळ्या झाडल्या. त्या वरवरच फुटल्या, आत खोल गेल्याच नाहीत. त्यातून त्याने दोन कप्प्यांची गोळी बनवली. मध्ये तांब्याची भिंत, पुढचं शिसं फुगतं, मागचं तसंच राहून आत ढकलत जातं. १९४८ पासून ती विकली जाते, आणि आज .२२३ साठीही ६० ग्रेनची मिळते. पुढे १९८९ मध्ये बार्न्स कंपनीची पूर्ण तांब्याची गोळी आली. टोकाला पोकळी, लागल्यावर चार-सहा पाकळ्या उघडतात, वजन जवळपास सगळं टिकतं. साडेतीन-चार ग्रॅमची अशी गोळी वजन न गमावता वीतभर छातीच काय, दोन्ही खांदे ओलांडून जाते. एक अट मात्र पाळावी लागते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला नळीत घट्ट पीळ लागतो. जुन्या रायफलींच्या नळ्यांत बारा इंचांत एक फेरा असतो, .२२२ च्या तर चौदा इंचांत. त्यातून लांब गोळी सोडली तर ती डुलत जाते, कागदावर आडवं भोक पाडते. आठ-नऊ इंचांत एक फेरा देणारी नळी हवी. नळीवरचा तो आकडा वाचल्याशिवाय काडतूस विकत घेणाऱ्याला मी शिकारीला नेत नाही. आणि शिशाचा प्रश्नही सुटतो, जो तुम्ही अजून काढलाच नाहीत.

साशंक : काढणारच होतो. वेगवान शिशाची गोळी आत मोडते तेव्हा तिचे कण जखमेपासून बरेच दूर मांसात जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, सुरीला लागत नाहीत. ते घरच्या ताटात येतात, आणि माळावर टाकलेल्या आतड्यांतून गिधाडांच्या पोटात जातात. बोट्सवानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या रक्तात शिशाचं प्रमाण शिकारीच्या भागांत आणि हंगामात वाढलेलं आढळलं आहे. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉरसाठी २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी घातली. हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं नाहीशी झाली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मेलेल्या जनावरात आपण काय सोडून जातो, त्याचा हिशेब जिवंत पक्ष्याला द्यावा लागतो. तेव्हा तांब्याच्या बाजूने मी तुमच्यासोबत आहे. पण तांब्याची अटही सांगा. त्याला उघडायला वेग लागतो. सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास आणि त्याखाली वेग उतरला की पाकळ्या पूर्ण उघडतील याची खात्री राहत नाही. साधी ५५ ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर सातशेच्या आसपास असते आणि तीनशेवर सहाशेच्या खाली. तिथे तुमची महागडी गोळी पुन्हा ती लष्करी गोळीच होते. बारीक भोक, आणि आरपार.

नेमबाज : तीनशेवरून झाडायची कुणाला? माझ्या हातून .२२३ ने दीडशे मीटरच्या पलीकडे हरणावर गोळी सुटत नाही. आणि आरपार जाण्याबद्दल म्हणाल तर उलटी बाजूही पाहा. स्प्रिंगबॉक एकटा क्वचित उभा असतो. पन्नास-शंभरांचा कळप, एकामागे एक अंग. जड गोळी पहिल्यातून निघून मागच्याच्या पोटात शिरते, आणि शिकाऱ्याला ते दिसतही नाही. मोठ्या काडतुसाच्या बाजूने बोलणारे या दुसऱ्या जनावराबद्दल फार कमी बोलतात. जी गोळी आतच सगळं काम करून थांबते, तिची यासाठी मला किंमत वाटते.

साशंक : मागे जनावर असताना चाप दाबू नये, हा नियम गोळी कुठलीही असली तरी तोच. त्यासाठी बारीक गोळीची गरज नाही, थांबण्याची गरज आहे. आणि गोळी आत थांबली म्हणजे बाहेर पडण्याचं भोक नाही. भोक नाही म्हणजे रक्ताचा माग नाही. आत शिरण्याचं भोक करंगळीच्या नखापेक्षा लहान. कातडी जराशी सरकली की तेही बुजतं, रक्त छातीतच साठत राहतं. मी सोलताना पाहिलंय. बाहेरून केसांत फक्त एक ओला ठिपका, शोधावा लागेल असा. आणि बरगड्या उघडल्या की आत काळंभोर रक्त ओंजळी भरून. ते हरीण ऐंशी मीटर पळालं होतं. ऐंशी मीटर मोकळ्या माळावर काहीच नाहीत, पण झाडीत, डायकरच्या रानात, ऐंशी मीटरवर मेलेलं जनावर सापडत नाही. ते मेलं, लवकर मेलं, पण वाया गेलं. मग शिकारी म्हणतो नेम चुकला, आणि दुसऱ्यावर बंदूक रोखतो.

नेमबाज : म्हणून तर जिथे मांसासाठी कळप कमी करतात तिथे डोक्यावर नेम धरतात. रात्री, गाडीवरून, प्रकाशझोतात, हलक्या रायफलीने. हरीण उभ्या जागी पडतं, खांद्याचं मांस खराब होत नाही, मागाचा प्रश्नच येत नाही. कुंपणाच्या आतल्या या रानांत सिंह-चित्ते राहिलेले नाहीत. पाऊस कमी झाला की कळप रान खरवडून काढतो आणि मग भुकेने मरतो. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरचं वन्य जनावर मालकाचं ठरलं. तेव्हापासून स्प्रिंगबॉक पाळणं हे मेंढ्या पाळण्याइतकं उघड शेतीचं काम झालं. तिथे कमी करणं हे कर्तव्यच आहे, आणि बारीक गोळीहून ते स्वच्छ कशानेच होत नाही.

साशंक : सराईत टोळीसाठी, टेकू लावलेल्या बंदुकीने, साठ-सत्तर मीटरवर, झोतात स्तब्ध उभ्या जनावरासाठी ते खरं असेल. पण तुम्ही काडतूस सुचवताय ते वर्षातून एकदा सुट्टी काढून येणाऱ्या माणसाला. डोकं हा स्प्रिंगबॉकच्या अंगाचा सर्वात जास्त हलणारा भाग, आणि मेंदू लिंबाएवढा. नेम पाच सेंटिमीटर पुढे गेला की जबडा तुटतो. ते हरीण पळतं, दिवसेंदिवस जगतं, चरू शकत नाही, पाणी पिऊ शकत नाही. छातीतली जागा पंधराएक सेंटिमीटरची तरी असते, तिथली चूक बहुतेक वेळा प्राणघातक तरी ठरते.

आता त्या पंधरा सेंटिमीटरचा हिशेब करू. दोनशे यार्डांवर तुमची गोळी पोहोचायला पाव सेकंदाच्या जरा आत वेळ लागतो. चरणारं हरीण सेकंदाला मीटरभर पुढे सरकलं तर गोळी निघाल्यापासून लागेपर्यंत ते वीसेक सेंटिमीटर सरकलेलं असतं. म्हणजे खांद्यामागे धरलेला नेम पोटात लागतो. वर वारा. कारूत हिवाळ्यात, शिकारीच्या मोसमात, दुपारी वारा सुटतोच. तासाला सोळा किलोमीटरचा आडवा वारा तुमच्या हलक्या गोळीला दोनशे यार्डांवर पाच-सहा इंच बाजूला नेतो. .२४३ ची शंभर ग्रेनची गोळी त्याच वाऱ्यात जवळपास निम्मीच सरकते, आणि तिच्यात निघताना सव्वीसशे जूल असतात. दोन्ही गोळ्या नेमक्या जागी बसल्या तर दोन्हीने हरीण सारखंच मरतं, हे मी कधीच नाकारलं नाही. माझा प्रश्न चुकीबद्दल आहे. दोन बोटं मागे, चार बोटं खाली लागली तर काय? जड गोळी तिथेही खांदा मोडते, यकृत फाडते, बाहेर पडून माग ठेवते. तुमची गोळी चुकीला जागाच ठेवत नाही. आणि चूक शिकाऱ्याची असली तरी ती भोगतं हरीण.

नेमबाज : तुम्ही चूक ही ठरलेली मात्रा धरली. जणू माणूस कुठलीही रायफल हातात घेऊन तितकाच चुकणार. तसं नसतं. बहुतेक चुका वाऱ्याच्या नसतात, भीतीच्या असतात. धक्का बसणार हे खांद्याला आधीच माहीत असतं, आणि चाप दाबण्याच्या क्षणी अंग आकसतं. नळी खाली जाते, गोळी पायात किंवा पोटात बसते. नेमबाजीच्या मैदानावर याची परीक्षा सोपी आहे. माणसाला न सांगता रिकामं काडतूस भरून द्या आणि चाप दाबताना नळीचं टोक बघा. .३०-०६ घेऊन मिरवणाऱ्यांपैकी कितीजणांचं टोक खाली बुडी मारतं ते बघितलं की मोठ्या गोळीच्या दयेवरचा विश्वास उडतो. आणखी एक, ज्याचं काडतूस स्वस्त आणि धक्का कमी, तो सराव करतो. मोठ्या रायफलवाला मोसमाआधी चार गोळ्या झाडून नेम तपासतो आणि त्यालाच तयारी म्हणतो. तुमच्या जड गोळीने चुकीला जागा वाढवली असेल, पण चुकाही तिनेच वाढवल्या.

साशंक : म्हणूनच मी .३०-०६ नाही, .२४३ म्हणालो. तिचा धक्का .३०-०६ च्या निम्म्याहूनही कमी. १९५५ पासून ती याच मधल्या कामासाठी वापरतात. पण तुमच्या युक्तिवादात मला सर्वात जास्त बोचतं ते दुसरंच. धक्का कमी म्हणून .२२३ कुणाच्या हातात दिली जाते? मुलांच्या. नवशिक्यांच्या. पहिल्यांदा हरीण मारणाऱ्याच्या. म्हणजे ज्याचा हात सर्वात कच्चा, त्यालाच चुकीला सर्वात कमी जागा देणारं काडतूस. हत्ती मारणाऱ्या डब्ल्यू. डी. एम. बेलचं नाव या वादात नेहमी निघतं, म्हणून मीच काढतो. त्याने हजाराहून अधिक हत्ती पाडले, त्यांतले बहुतेक .२७५ रिग्बीसारख्या बारीक रायफलीने. पण त्याने हत्तीचं डोकं करवतीने उभं कापून आत मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहिलं होतं, तेव्हा कुठे तो त्या गोळीच्या लायकीचा झाला. बारीक गोळी वाईट नाही, ती उस्तादाची आहे. आपण मात्र ती शिकाऊ माणसाला देतो आणि त्याला सौम्य सुरुवात म्हणतो.

नेमबाज : शिकाऊ माणूस साठ मीटरवर, टेकू लावून, शेजारी जाणता बसलेला असताना झाडतो. कारूत शंभराच्या आत जनावर मिळत नाही म्हणालात. आडोशात पाणवठ्यापाशी वाट पाहिली की मिळतं. माझं म्हणणं एवढंच की काडतूस निवडणं म्हणजे अंतर निवडणं. .२२३ घेतली की अंतर आपोआप लहान होतं, जवळ जावं लागतं, वाऱ्याच्या उलट दिशेने रांगावं लागतं, दहापैकी सात वेळा हात हलवत परत यावं लागतं. हातातल्या हत्याराची मर्यादा माहीत असलेला माणूस चाप कमी वेळा दाबतो. तुमची .२४३ माणसाला सांगते की अडीचशेवरूनही जमेल. मग तो अडीचशेवरून झाडतो, आणि तुम्ही चुकीला दिलेली जागा तिथेच संपवून टाकतो. ती जागा हरणाच्या वाट्याला येतच नाही, शिकारी ती लांबच्या पल्ल्यावर खर्च करतो.

साशंक : हा तुमचा सर्वात बळकट मुद्दा आहे, आणि मला त्याचं पुरतं उत्तर देता येत नाही. फक्त एवढं विचारतो की हे तुम्हाला कळलं कसं? तुमच्या अनुभवातून. आणि शिकाऱ्याचा अनुभव म्हणजे सापडलेल्या जनावरांची यादी. जे पडलं, ते मोजलं. ज्याची छाती सोलून पाहिली, त्याच्यावरून गोळी चांगली ठरवली. पळून जाऊन तिसऱ्या दिवशी मेलेलं हरीण कुठल्याच यादीत नसतं. .२२३ ने एकही हरीण गमावलं नाही असं सांगणारे मला भेटलेत, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्याकडे तर हा प्रश्न विचारायचीच सवय गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट-चिंकाऱ्याची शिकार बंद केली. ते योग्यच झालं. त्याआधी कोल्हापूर संस्थानात काळविटावर पाळीव चित्ते सोडत, तेव्हाही चित्त्याच्या तावडीतून निसटलेल्या काळविटाचं पुढे काय झालं याची नोंद कुणी ठेवली नसणार. आज रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या माळावर बंदूक नेता येत नाही, म्हणून मराठी माणसाला हा वाद दूर देशातला वाटतो. पण तुम्ही परदेशात रायफल हाती घेता तेव्हा हा प्रश्न घेऊनच जावं लागतं.

नेमबाज : मग नोंद ठेवू. प्रत्येक गोळीची. काडतूस, गोळीचं वजन आणि बांधणी, अंतर, वारा, जनावर उभं की चालतं, लागल्यावर काय केलं, किती पळालं, किती वेळात सापडलं. आणि न सापडलेलंही. सगळ्या रानमालकांनी अशी वही ठेवली तर पाच वर्षांत आपला हा वाद मतांवरून आकड्यांवर येईल.

साशंक : येईल का? न सापडलेल्या जनावराच्या रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत बसतील. गोळी लागलीच नाही, आणि लागून पळालं. बारीक गोळी जिथे रक्त सांडत नाही, केस उडवत नाही, हाडाची चीप टाकत नाही, तिथे शिकारी प्रामाणिकपणे 'चुकली' असंच लिहील. म्हणजे जी गोळी सर्वात कमी खुणा ठेवते, तिचीच वही सर्वात स्वच्छ दिसेल.

नेमबाज : म्हणून चुकली वाटली तरी उभ्या जागी जायचं. हरीण होतं तिथे खूण ठेवायची, गुडघ्यावर बसून माती बघायची, पळालेल्या दिशेने दोनशे मीटर चालायचं, पुन्हा परत यायचं. त्याशिवाय 'चुकली' हे लिहायचं नाही.

साशंक : संध्याकाळ होत आलेली, उजेड जेमतेम अर्ध्या तासाचा, मालकाने गाडी सुरू केलेली, आणि माणसाने एका हरणाचे पैसे भरलेले, जे अजून मिळायचं आहे. तेव्हा कोण गुडघ्यावर बसेल?

नेमबाज : बसणारा बसेल, हातात .२२३ असो की .२४३. बारीक गोळीच्या नोंदीवर विश्वास कमी ठेवावा लागेल, हे मी मान्य करतो. पण तुमच्या .२४३ च्या खात्यात 'चुकली' म्हणून ज्या ओळी आहेत, त्यांतल्या किती तुम्ही जागेवर जाऊन लिहिल्यात?